मोबाईलवरून आरोग्य शिकताना: पाहिलेलं हाताला येतंय का?

नांदेड-लातूरकडच्या दवाखान्यांत हल्ली फाईलच्या आधी मोबाईल पुढे येतो. पुण्याला किंवा हैदराबादला असलेल्या मुलानं आईसाठी साखरेवरचा एखादा व्हिडिओ पाठवलेला असतो. सुनेनं बाळाच्या लसींचं वेळापत्रक शोधून ठेवलेलं असतं. घरच्यांना आजार समजून घ्यायचा आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. डॉक्टरांनी त्यावर चिडू नये असं माझं मत आहे. अडचण येते ती पुढे. व्हिडिओ पाहून झालेला असतो, पटलेलाही असतो, पण घरी गेल्यावर प्रत्यक्ष जे करायचं ते चुकतं. कधीकधी ही चूक जिवावर बेतते.

दम्याचं उदाहरण घ्या. श्वासावाटे घ्यायच्या औषधाची कॅप्सूल काही रुग्ण पाण्याबरोबर गिळतात. कॅप्सूल म्हटलं की गिळायची, हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की व्हिडिओत पाहूनही हात तोंडाकडेच जातो. औषध पोटात जातं, फुफ्फुसात नाही. दम तसाच राहतो आणि "औषध लागू पडत नाही" असा निष्कर्ष निघतो. खरी पद्धत अशी: कॅप्सूल यंत्रात घालून ते फिरवायचं, आधी श्वास बाहेर सोडायचा (यंत्रात नव्हे, बाजूला), मग तोंडाने जोरात आत ओढायचा, सुमारे 10 सेकंद रोखून धरायचा आणि शेवटी चूळ भरायची. वाचायला एक मिनिट लागतं. जमायला दोन-तीन वेळा कुणासमोर तरी करून पाहावं लागतं.

इन्सुलिन: टोपीचा रंग पाहा

याहून गंभीर चूक इन्सुलिनमध्ये होते, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक वेळा 40 ताकदीच्या असतात, म्हणजे 1 मिलिलिटरमध्ये 40 युनिट. पेनमधलं इन्सुलिन साधारणपणे 100 ताकदीचं असतं. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात. लाल टोपीची सिरिंज 40 साठी आणि केशरी टोपीची 100 साठी. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये जवळपास नेहमीच 100 ची बाटली आणि 100 ची सिरिंज दिसते. तो व्हिडिओ पाहून कुणी केशरी टोपीची सिरिंज आणली आणि घरातल्या 40 च्या बाटलीतून 20 च्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर शरीरात फक्त 8 युनिट जातात. साखर उतरत नाही. उलट प्रकार जास्त धोक्याचा आहे. 100 ताकदीचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत घेतलं, तर 20 ऐवजी 50 युनिट जातात. रात्री घाम, थरथर, बडबड, मग बेशुद्धी. शेजारीपाजारी त्याला "चक्कर" म्हणतात आणि सकाळपर्यंत वाट पाहिली जाते.

व्हिडिओ खोटा नव्हता. तो दुसऱ्या देशातल्या बाटलीसाठी होता, एवढंच. म्हणून दुकानातून सिरिंज घेताना बाटली सोबत न्या आणि बाटलीवरचा आकडा व सिरिंजवरचा आकडा जुळवून पाहा. पेनच्या कार्ट्रिजमधलं इन्सुलिन सिरिंजने ओढू नका.

साठवणुकीचंही तसंच. "थंड जागी ठेवा" हे सगळीकडे सांगितलं जातं, पण आपल्याकडच्या मे महिन्यात पारा 40 च्या वर असतो आणि वीज जाते. वापरात असलेली बाटली मातीच्या मडक्यात, ओल्या वाळूवर, पिशवीत गुंडाळून ठेवली तरी चांगली टिकते. बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नये. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, ते परत पातळ झालं तरीही.

"समजलं का?" या प्रश्नाचा उपयोग नाही

डॉक्टरांनी "समजलं का?" विचारलं की आपल्याकडे मान हलते. मोठ्या माणसाला "नाही" म्हणणं बरं दिसत नाही. त्यामुळे जगभर आता वेगळी पद्धत शिकवली जाते: रुग्णानेच सांगून किंवा करून दाखवायचं. "मावशी, आता घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" असं विचारलं की काय राहिलं ते लगेच कळतं. ही रुग्णाची परीक्षा नसते. सांगणाऱ्यानं नीट सांगितलं की नाही, ते यातून तपासलं जातं.

डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही स्वतः म्हणा, "डॉक्टर, मी सांगून बघतो, चुकलं तर सांगा." गर्दीच्या ओपीडीत वेळ कमी असतो हे खरं, पण यासाठी अर्धं मिनिट पुरतं. डॉक्टरांना जमत नसेल तर सिस्टरला किंवा औषध दुकानातल्या फार्मासिस्टला सांगून दाखवा.

मोबाईलचा सर्वांत चांगला उपयोग मला इथे दिसतो. सिस्टर समोर उभी असताना रुग्णाने स्वतःच्या हाताने इन्सुलिन भरावं आणि नातेवाइकानं त्याचा व्हिडिओ काढावा, अर्थात सिस्टरची परवानगी घेऊन. घरचीच बाटली, घरचीच सिरिंज, आपलाच हात आणि आपली भाषा. इंटरनेटवरच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा तो एक मिनिटाचा व्हिडिओ त्या घराला जास्त उपयोगी पडतो. पुण्याची मुलगी तो पाहून आईला फोनवरून दुरुस्तही करू शकते.

दारात आलेले विद्यार्थी

डॉक्टरांचं शिक्षणही याच दिशेनं सरकतंय. माझी पिढी 1997 च्या नियमांनुसार शिकली. 2019 च्या तुकडीपासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला आणि किती पाठ आहे यापेक्षा काय करता येतं यावर भर आला. सलाईन लावणं, छाती दाबून हृदय सुरू करणं अशा गोष्टी आधी पुतळ्यावर करून दाखवाव्या लागतात. नांदेड-लातूर म्हटलं की लोकांना नीटचे क्लासेस आठवतात. तिथे मुलं चार पर्यायांतून एक निवडायला शिकतात. रुग्ण पर्याय घेऊन येत नाही, त्यामुळे पुढचं शिक्षण वेगळं असणं गरजेचंच होतं. बोलण्याचं कौशल्यही आता अभ्यासक्रमात आहे.

2021-22 च्या तुकडीपासून आणखी एक भाग जोडला गेला: कुटुंब दत्तक कार्यक्रम. नांदेडच्या विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, नियम देशभर एकच आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने किमान 3 कुटुंबं घ्यायची आणि शिकत असताना त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जायचं. शक्यतो प्राथमिक आरोग्य केंद्र नसलेली गावं निवडावीत असं अपेक्षित आहे.

अशी मुलं-मुली तुमच्या दारात आली तर "शिकाऊ आहेत" म्हणून परतवू नका. ते औषध लिहून देणार नाहीत आणि देऊही नये. पण वजन, रक्तदाब मोजतील, कुणाला कुठे दाखवायचं ते सांगतील. घरात गोळ्यांचा डबा असेल तर तो त्यांच्यापुढे ठेवा. एकच औषध दोन वेगवेगळ्या नावांनी चालू आहे, हे अशा वेळी अनेकदा लक्षात येतं. त्यांनाही शिकायला मिळतं की "जेवणानंतर तीन वेळा" लिहिलेली गोळी ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला दोनदाच घेता येते.

फोनवर येणारा सरकारी आवाज

गरोदर मातांसाठी केंद्र सरकारची 'किलकारी' ही सेवा महाराष्ट्रात 2024 मध्ये सुरू झाली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक ध्वनिसंदेश फोनवर येतो, एकूण 72. त्या त्या आठवड्याला लागू पडेल तीच माहिती असते. वाचता येण्याची गरज नाही, साधा फोन चालतो आणि पैसे लागत नाहीत. संदेश हुकला तर 14423 वर फोन करून तो पुन्हा ऐकता येतो.

मात्र तो संदेश आरोग्य खात्याकडे नोंदवलेल्या नंबरवरच येतो. आपल्याकडे फोन बहुधा नवऱ्याकडे असतो. कंधार, मुखेड, अहमदपूर भागातून ऊसतोडीला किंवा कामाला बाहेर गेलेल्या कुटुंबात सिमकार्ड बदललं की संदेश बंद. त्यामुळे नाव नोंदवताना आशाताईंना असा नंबर द्या जो तिच्यापर्यंत खरोखर पोहोचतो, आणि नंबर बदलला तर कळवा.

या सेवेचा परिणाम किती होतो? मध्य प्रदेशातल्या चार जिल्ह्यांत सुमारे 5,000 स्त्रियांचा अभ्यास झाला. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत गर्भनिरोधक साधनांचा वापर थोडा वाढलेला दिसला, पण पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध देण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. मला याचं आश्चर्य वाटत नाही. बाळ स्तनाला नीट लागत नाही, सासूबाई मध-पाणी द्यायला सांगतात, टाके दुखतात. हे प्रश्न रेकॉर्ड केलेला आवाज सोडवू शकत नाही. त्याला प्रश्न विचारता येत नाही.

शेजारी गडचिरोलीचं उदाहरण ठेवा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. ही तुलना अगदी समान नाही, कारण तिथे माहितीबरोबर उपचारही होते. तरी घरात येऊन बाळ हातात घेणारं माणूस काय करू शकतं ते त्यातून दिसतं. किलकारी जरूर ऐका, आणि आशाताई येतील तेव्हा त्या आठवड्याचा प्रश्न त्यांना विचारा.

फोनवरून डॉक्टर

एप्रिल 2020 पासून 'ई-संजीवनी'वर घरबसल्या मोफत सल्ला मिळू लागला. पण त्याचा दुसरा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो. गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी तुमचा रक्तदाब आणि साखर मोजतात आणि मग पडद्यावरच्या डॉक्टरांशी तुम्हाला जोडून देतात. तपासणारे हात तुमच्याजवळ असतात. किनवटकडच्या डोंगराळ गावांत रेंज येते-जाते, तिथे निदान मोजमाप तरी होऊन जातं.

फोनवरून उपचारांचे नियम 25 मार्च 2020 रोजी जाहीर झाले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नाव आणि नोंदणी क्रमांक हवाच. झोपेच्या काही गोळ्या आणि नशा आणणारी वेदनाशामकं फोनवरून लिहून देता येत नाहीत. डॉक्टर "प्रत्यक्ष या" म्हणाले तर ते टाळाटाळ करत आहेत असं समजू नका. ते नियमानंच वागत आहेत.

छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं किंवा एक हात-पाय लुळा पडणं, साप चावणं, गरोदरपणात झटके किंवा रक्तस्राव, लहान मुलाची छाती आत ओढली जाणं: या वेळी व्हिडिओ कॉल नको, 108 ला फोन करा. लकव्यात गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. मानसिक त्रासासाठी 14416 हा टेलि-मानसचा मोफत नंबर आहे, तिथे मात्र फोनवर बोलण्याचाच उपयोग होतो.

"गोळी बंद करा" सांगणारा व्हिडिओ

बोलणारा कितीही मोठा वाटो, त्याने तुमचा रक्तदाब मोजलेला नाही. "गोळीची सवय लागते" हे वाक्य सर्रास ऐकू येतं. रक्तदाबाच्या गोळीची सवय लागत नाही. आजार कायमचा असतो म्हणून गोळी रोज लागते, जसा चष्मा रोज लागतो. दुधीचा रस पिणाऱ्यांनी तर रोज आधी फोड चाखून पाहावी. कडू लागली तर टाकून द्यावी. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत.

आणि समजा असा व्हिडिओ पाहून गोळ्या आधीच बंद केल्या असतील, तर लपवू नका. किती दिवस बंद आहेत ते खरं सांगा. राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊ नका. जवळच्या उपकेंद्रात पाच मिनिटं शांत बसून, हात छातीच्या उंचीवर टेकवून रक्तदाब दोनदा मोजून घ्या. तो आकडा, गोळ्यांचं पाकीट आणि तो व्हिडिओसुद्धा घेऊन डॉक्टरांकडे या.