जळत्या गाडीतली माणसं

२४ नोव्हेंबर २०२५ला धर्मेंद्र गेले. त्या रात्री उशिरापर्यंत मी वाहिन्या बदलत बसलो होतो. ‘शोले’ आला, ‘चुपके चुपके’ आला, ‘सत्यकाम’चीही कुणीतरी आठवण काढली. ‘द बर्निंग ट्रेन’चं नाव मात्र माझ्या कानावर आलेल्या एकाही श्रद्धांजलीत नव्हतं. मला ते फार लागलं. त्या गाडीतले विनोद खन्ना २०१७मध्ये गेले, दिग्दर्शक रवी चोप्रा त्याआधीच, २०१४मध्ये. हिंदी सिनेमाने आपत्तिपटाचा केलेला सर्वांत धाडसी प्रयत्न आता त्यांच्यासोबत विस्मरणात चालला आहे.

या प्रकाराची सुरुवात १९७०च्या ‘एअरपोर्ट’पासून धरतात. पुढे १९७२चा ‘पोसायडन ॲडव्हेंचर’ आणि १९७४चा ‘अर्थक्वेक’ आले. १९७४च्या डिसेंबरात ‘टॉवरिंग इन्फर्नो’ आला आणि सगळ्यांवर कडी झाली. १३८ मजली इमारतीला आग, पॉल न्यूमन आणि स्टीव्ह मॅक्वीन एकाच पडद्यावर आणि एरवी एकमेकांचे स्पर्धक असलेले दोन स्टुडिओ एका निर्मितीत भागीदार. चित्रीकरणासाठी उभारलेल्या ५७ सेटांपैकी शेवटी जेमतेम आठ उभे होते, बाकीचे जळाले नाहीतर मोडले. १९८०पर्यंत अमेरिकेतली ही लाट ओसरली. नव्वदीतल्या लघुग्रहांच्या आणि ज्वालामुखींच्या चित्रपटांबद्दल मला फारसं काही म्हणायचं नाही.

आपल्याकडे ही गोष्ट एका घराण्यात घडली. बी. आर. चोप्रांनी निर्माण केलेल्या आणि यश चोप्रांनी दिग्दर्शित केलेल्या १९६५च्या ‘वक्त’मध्ये भूकंप होतो आणि लाला केदारनाथांचं कुटुंब विखुरतं. डिसेंबर १९७५मध्ये चासनाल्याच्या कोळसा खाणीत पाणी घुसून ३७५ कामगार बुडाले. त्या दुर्घटनेच्या आधारावर यशजींनी ‘काला पत्थर’ केला, तो ऑगस्ट १९७९मध्ये आला. त्यानंतर सातच महिन्यांनी, २८ मार्च १९८०च्या शुक्रवारी, त्यांचा पुतण्या, बी. आर. चोप्रांचा मुलगा रवी आग लागलेली रेल्वेगाडी घेऊन आला. धरणी, पाणी, आग. एकाच घरातल्या माणसांनी पंधरा वर्षांत तिन्ही पडद्यावर आणलं, याची नोंद कुणी फारशी घेतलेली नाही.

‘बर्निंग ट्रेन’चा पसारा त्या काळाच्या मानाने अफाट होता. धर्मेंद्र, विनोद खन्ना, जितेंद्र, हेमा मालिनी, परवीन बाबी, नीतू सिंग, डॅनी आणि विनोद मेहरा, लेखन कमलेश्वरांचं, गाणी साहिरची, संगीत राहुलदेव बर्मन यांचं. रेल्वेचं सहकार्य होतं, त्यामुळे डबे आणि रूळ खरे दिसत. काही प्रसंगांत छोट्या प्रतिकृती वापरल्या आहेत आणि त्या ओळखूही येतात. पण बोगीत शिरलेल्या धुरात नट खरोखर डोळे चोळत होते. दिल्लीहून मुंबईला चौदा तासांत पोहोचणारी ‘सुपर एक्स्प्रेस’ हे त्यातलं स्वप्न. मुंबईची राजधानी सुरू होऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती आणि वेगाचं अप्रूप आम्हा सगळ्यांनाच होतं. आजही राजधानीला पंधरा तासांहून अधिक लागतात.

प्रदर्शनाच्या आठवड्यात मी तो पुण्यात पाहिला. बाहेर ब्लॅकवाल्यांची कुजबुज, आत स्टॉलमध्ये शिट्ट्या. मुलांची प्रार्थना सुरू झाली तेव्हा मात्र थिएटर चिडीचूप झालं. सिमी गरेवालने साकारलेल्या शिक्षिकेबरोबर शाळेची मुलं त्या गाडीत असतात, आशा सचदेवची रामकली असते, चोर असतात. आपण ज्यांच्याशेजारी बसून प्रवास करतो अशी ती माणसं. म्हणून ती वाचावीत असं वाटत राहायचं.

फिल्म सोसायटीत ऊठबस असलेल्या माझ्या मित्रांनी त्याला ‘इन्फर्नो’ची नक्कल म्हणून निकालात काढलं. प्रेरणा होती, ती कुणी लपवलीही नव्हती. वेग कमी होताच बॉम्ब फुटेल अशा गाडीचा जपानी चित्रपटही १९७५मध्ये येऊन गेला होता. पण आपल्या गाडीत बसलेला समाज कुठून उसना आणलेला नव्हता, हे त्यांनी पाहिलंच नाही. हा त्यांचा अन्याय होता, असं मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

खरा दोष वेगळा आहे. ‘इन्फर्नो’त आग लागते ती इमारतीच्या वायरिंगमध्ये पैसे वाचवल्यामुळे. ‘काला पत्थर’मध्ये पाणी घुसतं ते खाणमालकाच्या हावेपायी. ‘बर्निंग ट्रेन’ने सगळा दोष एका मत्सरी मित्राच्या माथी मारला. डॅनीचा रणधीर ब्रेक निकामी करतो, म्हणून गाडी थांबत नाही. घाईने धावायला निघालेल्या यंत्रणेला कुणी जाब विचारत नाही. रेल्वेच्या मदतीने केलेल्या चित्रपटाला कदाचित तेवढीच मुभा होती.

खर्चाच्या मानाने तो चालला नाही. त्याच वर्षी बी. आर. चोप्रांचाच, कितीतरी कमी पैशात केलेला ‘इन्साफ का तराजू’ चालला आणि निर्मात्यांनी घ्यायचा तो धडा घेतला. मोठ्या आपत्तिपटाच्या वाटेला नंतर फारसं कुणी गेलं नाही. रवी चोप्रांनी डबाभर माणसं एकाच वेळी सांभाळण्याचं जे कसब त्या गाडीत कमावलं, ते वडिलांबरोबर केलेल्या दूरदर्शनच्या ‘महाभारता’त कामी आलं, असं मला वाटतं.

आज शेकडो कोटी खर्चून संगणकावर शहरं पाडली जातात. त्या शहरांत कोण राहत होतं, हे पटकथेला ठाऊक नसतं. पैसा कमी नाही, तंत्र तर मुबलक आहे, पण पात्रांना नाव आणि घर द्यायला कुणाला सवड नाही. मल्याळम सिनेमाने २०२३मध्ये केरळच्या महापुरावर ‘२०१८’ केला. मच्छीमार होड्या घेऊन बुडालेल्या घरांकडे निघतात आणि माझ्यासारख्या परक्या प्रेक्षकाचाही गळा दाटून येतो. तो चित्रपट भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला.

आणि आपण? १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं आणि अर्धं पुणं पाण्याखाली गेलं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ला, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारी जमीनदोस्त झाली. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१४मध्ये डोंगर खचून माळीण गाडलं गेलं. यांतल्या एकाही दिवसावर त्याच्या तोलामोलाचा मराठी चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. पानशेतचं पाणी डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. मराठी निर्मात्यांनी निदान त्यांच्यापाशी जाऊन बसावं, त्यांच्याकडून तो दिवस ऐकावा आणि ती माणसं आहेत तोवर पटकथा लिहायला घ्यावी.