यंत्रास हवामान विचारावयास शिकविताना

कृत्रिम बुद्धिमत्तेचे मदतनीस स्वतः आभाळ पाहत नाहीत. हवामानाची माहिती पुरविणाऱ्या एखाद्या साधनास ते विचारतात. ते साधन केव्हा व कसे वापरावे, हे त्यांस बहुतांशी त्याच्या लेखी वर्णनावरूनच कळते. म्हणून 'हवामान सांगते' एवढ्याने भागत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीचेच उदाहरण घेऊ. 'मूल' हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. यंत्राने त्याचा अर्थ बालक असा घेतला तर? यास्तव 'गावासोबत तालुका व जिल्हा द्यावा' असे वर्णनात हवे. मापाचेही तसेच. हवामान खात्याचा दैनिक पाऊस सकाळी ८.३० पर्यंतच्या चोवीस तासांचा असतो; तेव्हा आकडा कोणत्या वेळेचा व मिलिमीटरचा की इंचांचा, हे स्पष्ट लिहावे.

परंतु साधनास काय ठाऊक नाही, हे सांगणे सर्वांत अगत्याचे होय. भामरागडास इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या नद्या एकत्र येतात. इंद्रावती ओडिशात उगम पावून बस्तरातून येते. तिकडे पाऊस कोसळला, तर इकडे उघाड असतानाही पाणी चढू शकते. गर्भवतीस आलापल्लीकडे नेऊ पाहणाऱ्या कुटुंबास अशा वेळी 'आज पाऊस नाही' हे उत्तर खरे असूनही घातक ठरेल. म्हणून वर्णनात लिहावे: 'हे साधन पावसाचा अंदाज देते; नदीची पातळी अथवा रस्त्याची स्थिती सांगत नाही. त्यासाठी जिल्हा प्रशासनाकडे चौकशी करावी.'

नवख्या माणसास निरोप घेऊन धाडताना काय विचारावे हे आपण सांगतो, तसेच काय गृहीत धरू नये हेही बजावतो. यंत्रास त्याहून कमी सांगून कसे चालेल?