मुंबई ते पोर्ट लुई : अंतर तेच, वेळ निराळा



परवा गट कार्यालयात एका सभासदाने विचारले, "काय हो साहेब, मॉरिशसलाही आपल्यासारखा ऊसच पिकतो म्हणे. किती लांब असंल ते?"

आम्ही सांगितले, मुंबईहून तिथली राजधानी पोर्ट लुई हवाई मार्गे सुमारे ४,७०० किलोमीटर. थेट विमानाने सहा-साडेसहा तास. तिथले घड्याळ आपल्या दीड तास मागे.

१८३४ साली कलकत्त्याहून 'ॲटलास' जहाज गिरमिटिये मजूर घेऊन तिकडे पोचले. पुढे मुंबई बंदरातून कोकणातली मराठी माणसेही उसाच्या मळ्यांवर गेली. शिडाच्या जहाजाला तेव्हा कित्येक आठवडे लागत. बरेच जण परतलेच नाहीत. त्यांच्या वंशजांचा गणपती आजही तिथे बसतो आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

अंतर तेच राहिले, आठवड्यांचे तास झाले. तोडलेल्या उसाचा हिशेबही तासांचाच आहे. गेल्या हंगामात एका सभासदाचा फड जवळ म्हणून आम्हीच वाहन उद्यावर ढकलले. ऊस दोन दिवस उन्हात पडला. वजन घटले, साखर उतरली, नुकसान सभासदाचे झाले. चूक आमची होती.

म्हणून यंदा तोडणीची चिठ्ठी हाती आल्याशिवाय कोयता लावू नका. वाहन आले नाही तर त्याच दिवशी आम्हाला कळवा. फड पाच किलोमीटरवर असो वा पन्नास, ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडलाच पाहिजे.