राखणीच्या कुत्र्याला कपड्याचा साबण नको

वस्तीवरच्या कुत्र्याला शाम्पू म्हटले की तुम्ही हसाल. पण कुत्रे अंग खाजवू लागले की आपण काय करतो? कोणी कपड्याची वडी घासतो, कोणी बादलीत फिनेल ओततो. काही जण तर कपाशीवर मारून उरलेले औषधच गोचिडांसाठी अंगावर चोळतात. हे विष कातडीतून आत जाते, शिवाय कुत्रे अंग चाटते ते वेगळेच. तोंडाला लाळ सुटते, अंग थरथरते, कुत्रे आडवे होते. असे झालेच तर हातात मोजे घालून भरपूर साध्या पाण्याने ते धुवा आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन लगोलग पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. बाटली पाहिली की डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.

आता साबणाचे. कुत्र्याची कातडी माणसापेक्षा पातळ. माणसाच्या कातडीचा सामू साधारण ५.५, कुत्र्याचा ७ च्या आसपास. कपड्याच्या साबणाचा ९-१० च्या घरात. त्याने अंगचे तेल निघून जाते, कातडी कोरडी पडते, खाज उलट वाढते. खाजवून जखम झाली की पावसाळ्यात अळ्या पडायला वेळ लागत नाही.

म्हणून बाटलीवर ‘कुत्र्यांसाठी’ असे लिहिलेय का, ते आधी बघा. वास आणि रंग जितका कमी तितका बरा. ओट किंवा कोरफडीचा सौम्य शाम्पू चालतो. कारवानीसारख्या आखूड केसांच्या कुत्र्याला थोडा पुरतो, लांब केसांच्या पश्मीला जास्त लागतो. डोळे-कान सांभाळा आणि फेस पूर्ण निघेपर्यंत पाणी घाला. राहिलेला साबणही खाज आणतो. महिन्यातून एकदा अंघोळ पुष्कळ झाली.

गोचिडांचा शाम्पू मात्र विचारूनच घ्या. त्यात परमेथ्रिन असेल आणि घरात मांजर असेल, तर मांजराच्या जिवावर बेतू शकते. जनावरांचे गोचिडाचे औषधही अंदाजाने कुत्र्याला लावू नका.

आणि केस झडून चट्टे पडले असतील, तर ती लूत असू शकते. ती बारीक किड्यांमुळे होते, नुसत्या शाम्पूने जात नाही. तिचा एक प्रकार हाताळणाऱ्या पोरांच्या अंगालाही खाज आणतो. डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, मग औषध देतात. तोवर पोरांना त्या कुत्र्याजवळ जाऊ देऊ नका.