मनोविकार समाजकार्याचे शिक्षण
मनोविकार समाजकार्यकर्ता औषध लिहून देत नाही. रुग्णाचे घर, नोकरी, कर्ज, लग्न या साऱ्यांत आजार कसा गुंतला आहे, हे तो शोधतो. समाजकार्याच्या शिक्षणासाठी मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच.

कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर साधारणपणे दोन वर्षांचे एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातील पदव्युत्तर शिक्षण, करता येते. मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील मनोविकार समाजकार्यकर्त्याच्या व्याख्येनुसार त्यापुढे दोन वर्षांचे पूर्णवेळ एम. फिल. लागते आणि त्यात देखरेखीखालचे रुग्णालयीन प्रशिक्षणही असावे लागते. बंगळुरूची निम्हान्स ही त्यासाठी नावाजलेली संस्था.

खरे शिक्षण वॉर्डातच होते. विद्यार्थी रुग्णाचा पूर्वेतिहास लिहितो, नातेवाइकांशी बोलतो, घरी भेट देतो. बरा झालेला रुग्ण घरी परतताना घरच्यांची तयारी करून घेणे, औषधे मध्येच बंद का करू नयेत हे समजावणे, अपंगत्वाचा दाखला मिळवून देणे ही कामेही त्याचीच. बोलण्यापेक्षा ऐकणे जास्त, आणि सल्ला देण्याची घाई असलेल्यांना तेच जड जाते. नोकऱ्या रुग्णालये, व्यसनमुक्ती केंद्रे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि स्वयंसेवी संस्थांत मिळतात.