लिंबाची काडी आणि मिश्रीची डबी

बीड जिल्ह्यात गोदावरीच्या दक्षिणेला पसरलेल्या गेवराई तालुक्यात, उमापूरच्या शिवारात, लिंब आणि बाभूळ ही झाडं कुणी मुद्दाम लावत नाही. ती बांधावर, ओढ्याच्या काठाला आपोआप येतात आणि कमी पावसातही तगतात. सावली, जळण, शेळ्यांना पाला, औताला लाकूड अशी त्यांची कामं ठरलेली. याच कामांत एके काळी दातवणही होतं. पहाटे शेताकडे निघताना काडी मोडायची, चावत चावत बांध गाठायचा आणि विहिरीवर पोचल्यावर चूळ भरायची.

ही केवळ गावाकडची सवय होती असं समजू नये. सुश्रुतसंहितेत दातवण कसं असावं हे मापासकट दिलं आहे. बारा अंगुळं, म्हणजे साधारण एक वीत लांब, करंगळीएवढं जाड, सरळ आणि बिनगाठीचं. कडू झाडांत लिंब उत्तम, तुरट झाडांत खैर, तिखटात करंज, गोडात मोह, अशी निवडही तिथे आहे. वाग्भटाच्या यादीत वड, अर्जुन आणि रुईसुद्धा येतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की दातवण कुणी करू नये हेही वाग्भटाने लिहून ठेवलं. अजीर्ण, उलटी, दमा, खोकला, ताप किंवा तोंड आलेलं असेल तर काडी वापरू नये. झाडाचं आहे म्हणून सगळ्यांना सदासर्वदा चालेल, असं जुन्या वैद्यांनी मानलं नव्हतं.

काडी काम कशी करते, हे नीट पाहायला हवं. दात घासल्यावर काही तासांतच त्यांच्यावर जिवाणूंचा चिकट थर धरू लागतो. तो तसाच राहिला की लाळेतल्या क्षारांनी घट्ट होतो, त्याचं किटण बनतं, हिरड्या सुजतात आणि रक्त येऊ लागतं. हा थर मुख्यतः घासण्यानेच निघतो. लिंबाची ओली काडी चावली की तिच्या टोकाला मऊ धाग्यांचा कुंचला तयार होतो, आणि तो दाताच्या कडेपर्यंत पोचतो. बरंचसं श्रेय या धाग्यांचं, बाकीचं रसाचं. लिंबातल्या कडू द्रव्यांमुळे काही जिवाणूंची वाढ मंदावते. बाभळीच्या सालीत टॅनिन भरपूर असतं, त्याच्या तुरटपणाने सैल हिरड्या आवळल्यासारख्या होतात. चावताना लाळ सुटते, तीही तोंड धुऊन काढते. लिंबाच्या पानांच्या जेलवर आणि चुळीवर आपल्याकडे छोट्या चाचण्या झाल्या, त्यांतल्या काहींत हिरड्यांची सूज आणि दातांवरचा थर कमी झालेला दिसला. अरबस्तानापासून आफ्रिकेपर्यंत पिलूच्या झाडाची काडी, म्हणजे मिस्वाक, अशीच वापरली जाते. जिथे ही चाल आहे तिथे ती चालू ठेवायला जागतिक आरोग्य संघटनेनेही उत्तेजन दिलं आहे.

काडी वापरायची तर रोज ताजी घ्यावी. टोक चांगलं चावून मऊ करावं, हिरडीकडून दाताकडे हलक्या हाताने फिरवावं. आडवं खसाखसा घासलं तर हिरड्या खाली सरकतात आणि दातांची मुळं उघडी पडतात. दाढांची आतली बाजू बहुतेकांची राहून जाते, तिथे मुद्दाम वेळ द्यावा. शेवटी काडी उभी चिरून जीभ साफ करता येते. रुईच्या नादी मात्र लागू नये. किडक्या दाढेत रुईचा चीक सोडण्याचा उपाय अजून सांगितला जातो, पण त्या चिकाने हिरडी आणि गालाची आतली कातडी भाजते. लिंबोळीचं तेलही लहान मुलाच्या पोटात जाऊ देऊ नये, त्याने मुलांना झटके येऊन जिवावर बेतल्याचे प्रसंग वैद्यकात नोंदलेले आहेत.

या झाडांना एक गोष्ट जमत नाही. दाताला पडलेलं भोक त्यांनी भरत नाही. गोड बिस्किटं आणि पाच-दहा रुपयांची पाकिटं वाडीवस्तीवर पोचली, तसं मुलांचं खाणं बदललं. साखरेवर जिवाणू आम्ल तयार करतात आणि त्याने दाताचं कवच विरघळतं. अशा मुलांना फ्लोराइडच्या पेस्टचा आधार लागतो. भारतात पेस्टमध्ये दहा लाख भागांत 1000 भागांपर्यंत फ्लोराइडला परवानगी आहे. मराठवाड्यात काही ठिकाणी मात्र बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असं पाणी लहानपणी पोटात गेलं तर दात येतानाच पिवळे-तपकिरी होतात. ते डाग ना काडीने जातात ना मंजनाने. तिथे आधी पाणी तपासून घ्यावं लागतं.

झाडपाल्याच्या या ज्ञानाला बाजारात उभं करणारा माणूसही मराठीच. केशव विष्णू पेंढरकर यांनी 1952 मध्ये मुंबईत विको सुरू केली आणि आयुर्वेदिक दंतमंजन घरोघरी नेऊन विकलं. वज्रदंती, म्हणजे कुंपणाला लावतात ती पिवळ्या फुलांची काटेरी कोरांटी, या मंजनामुळे शहरांतही ठाऊक झाली. हे मंजन औषध की प्रसाधन, हा अबकारी कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल औषधाच्या बाजूने लागला.

दातवणाची जागा ब्रशने घेतली असती, तर हळहळ वाटली असती, काळजी नव्हे. पण कितीतरी घरांत, विशेषतः बायकांच्या हाती, ती मिश्रीने घेतली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि हिरड्यांना लावायची. दात दुखतो म्हणून सुरू होते, निकोटिनने वेदना दबल्यासारखी वाटते, आणि मग दिवसातून चार वेळा बोट डबीत जातं. बीडची हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पहाटेच्या अंधारात फडात जाणाऱ्या बाईला दाढ ठणकली तर दवाखान्यासाठी खाडा परवडत नाही, उचल फेडायची असते. तिथे मिश्रीच औषध ठरते. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि टूथपावडरवर केंद्र सरकारने 1992 मध्येच बंदी घातली. घरच्या तव्यावर मात्र कोणता कायदा पोचणार?

मिश्री सोडताना पहिले काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, शौचाला साफ होत नाही. पुष्कळ जणी याच टप्प्यावर पुन्हा डबी उघडतात. तेवढ्या दिवसांत तोंडाला चाळा म्हणून लिंबाची काडी खरोखर उपयोगी पडू शकते. आणि गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम झाली, तिखट सोसेनासं झालं, तोंड पूर्वीइतकं उघडेनासं झालं, तर कोणतीही काडी किंवा मंजन न लावता तालुक्याचा सरकारी दवाखाना गाठावा आणि तोंड तपासून घ्यावं. हंगाम संपायची वाट पाहू नये.