पत्रमैत्रीतून दिसणारे दोन देश : जपान आणि फिनलंड 📮

एखादा देश घराघरांतून समजून घ्यायचा असेल, तर तिथे एक पत्रमित्र जोडा. माझा एक जपानमध्ये आहे, एक फिनलंडमध्ये.

✉️ फरक पाकिटापासूनच सुरू होतो. फिनलंडमध्ये आपल्यासारखंच आधी नाव, मग रस्ता, मग पिनकोड आणि गाव. जपानी पत्त्यात आधी पिनकोड, मग प्रांत, शहर. नाव सगळ्यात शेवटी.

🍱 शाळा : जपानमध्ये वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. पांढरे एप्रन आणि टोप्या घालून मुलंच वर्गात जेवण वाढतात, वर्ग झाडतात-पुसतातही. फिनलंडमध्ये शाळा ऑगस्टमध्ये उघडते आणि १९४८पासून गरम जेवण सर्व मुलांना मोफत मिळतं.

♨️ अंघोळ : फिनलंडमध्ये सौना, जपानमध्ये गरम पाण्याचा खोल टब. दोन्हीकडे नियम एकच : आधी अंग धुवायचं, मगच आत शिरायचं.

🎍 शुभेच्छा : जपानमध्ये २५ डिसेंबरपर्यंत टाकलेली नववर्षाची कार्डं, म्हणजे 'नेंगाजो', १ जानेवारीला घरपोच होतात. घरात दुखवटा असेल, तर त्या वर्षी ती पाठवत नाहीत. फिनलंडमध्ये असाच मान ख्रिसमसच्या कार्डांना.

सुरुवात करायची असेल, तर २००५ साली पोर्तुगालमध्ये सुरू झालेलं 'पोस्टक्रॉसिंग' हे पोस्टकार्डांच्या देवाणघेवाणीचं संकेतस्थळ उत्तम. पहिल्या कार्डात मोठे प्रश्न नकोत. "आज जेवायला काय होतं?" एवढंच विचारा, उत्तरं भरभरून येतात!

#पत्रमैत्री